अक्कांचा रुसवा अमेरिकेत

लग्नाची यादी अमेरिकेत ठेवण्याची कल्पना माझी नव्हती, हे आधीच सांगून टाकते. सांगलीतल्या आमच्या विश्रामबागच्या कॉलनीत ती अजून माझ्याच नावावर खपते. माझं म्हणणं फक्त एवढंच होतं, की आमच्या लेकीच्या, स्वप्नालीच्या, लग्नाची यादी एकदाच, नीट, सगळ्यांना दिसेल अशी कुठंतरी ठेवावी. यात गैर काय होतं? पण साध्या कामात चार शहाणी माणसं शिरली की ते साधं राहत नाही, आणि आमच्या कॉलनीत शहाणं नसलेलं माणूस भाड्यानं आणावं लागतं.

लग्न मार्गशीर्षातलं, साल नव्याण्णव. त्या सुमारास पेपरात रोज यायचं की एकतीस डिसेंबरच्या रात्री जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार. आमचं लग्न त्याआधी उरकणार होतं, त्यामुळे जगाची काळजी आम्ही जगावर सोडली होती. आमची काळजी म्हणजे यादीतला शेवटचा रकाना.

नाव, गाव, माणसं किती, आमंत्रण टपालानं की समक्ष, आहेर काय, हे रकाने सगळ्यांच्याच याद्यांत असतात. शेवटचा रकाना मी स्वतः आखला होता आणि त्याला नाव दिलं होतं 'सध्या'. सध्या बोलतात. सध्या बोलत नाहीत. आपल्याशी बोलतात, साताऱ्याच्या भाऊजींशी नाही. सध्या बोलतात, पण पत्रिका टपालानं गेली तर बंद होतील. आमचं सासर-माहेर दोन्ही आटपाडीकडचं. मागच्या पिढ्या मेंढरांमागं हिंडल्या. मेंढरं सुटली तशी माणसं सांगली, सातारा, तासगाव, लोणंद अशी पांगली. पांगली तरी रुसायची ताकद काही कमी झाली नाही. उलट आता रुसवा पोचायला एस.टी. लागते, त्यामुळे तो वाटेत आणखी वाढतो.

या रकान्यातलं सगळ्यांत मोठं नाव म्हणजे हरणाबाई. ह्यांची थोरली बहीण, आमच्या अक्का, राहणार लोणंद. साताऱ्याला धनाजी भाऊजींच्या, म्हणजे माझ्या दिरांच्या, वास्तुशांतीत अक्कांना बशीशिवाय चहा मिळाला, आणि त्याच वेळी नळाच्या कॉन्ट्रॅक्टरला बशीसकट मिळाला. ट्रे कुणाच्या हातात होता यावर घरात अजून एकमत नाही. तेव्हापासून तीन वर्षं अक्का आमच्या कुणाच्याच उंबऱ्याला आल्या नव्हत्या. आणि स्वप्नालीचं नाव तर पाळण्यात अक्कांनीच ठेवलेलं. पोरीनं साखरपुड्याच्या दिवशीच सांगून टाकलं, "आत्या नसेल तर मी बोहल्यावर चढणार नाही. तुम्ही दोघं चढा."

"चढू की," हे म्हणाले. ह्यांची निम्मी नोकरी कोयनानगरला झाली. तेव्हापासून पायाखालची जमीन हलल्याशिवाय ह्यांना कुठलीच गोष्ट गंभीर वाटत नाही.

तर अक्कांना आणायचंच होतं. सातारा-लोणंदकडची माणसं भाऊजींनी सांभाळायची, सांगली-तासगावकडची मी, अशी वाटणी झाली. प्रश्न उरला तो यादी ठेवायची कुठं एवढाच.

आधी ती कागदावर होती. पेन्सिलीनं लिहायचं, खोडायचं, पुन्हा लिहायचं. तासगावच्या तात्यांचा बेदाण्याचा धंदा. भाव चढला की ते बोलतात, उतरला की बोलत नाहीत. त्यांच्या नावापुढं इतकं खोडलं की कागदाला भोक पडलं, आणि तात्या मागच्या पानावर, आचाऱ्याच्या सामानात, हिंग आणि जिऱ्याच्या मधोमध दिसू लागले.

मग स्वप्नालीचा कॉम्प्युटर होता. ती क्लासला जाऊन शिकली, मी ती कामावर गेली की तिच्या पुस्तकावरून शिकले. सातवीनंतर मला कुणी काही शिकवलेलं नाही, त्यामुळे कुणी शिकवेल म्हणून वाट बघायची मला सवयच नाही. चार दिवसांत यादी अशी झाली की तात्या एका बोटानं रुसायचे आणि एका बोटानं खूश व्हायचे. पण हे सगळं सांगलीत. साताऱ्याला भाऊजींना कसं कळणार?

एस.टी.चे कंडक्टर आमच्या ओळखीचे. भाऊजी साताऱ्याला गेल्यापासून त्यांना लसणाची चटणी एस.टी.नंच जाते. मी यादीची फ्लॉपी पिशवीत घालून डब्याच्या वरच्या खणात ठेवली. खालच्या खणात चटणी. चटणीत तेल जरा सढळ हातानं घातलं होतं, हा दोष असलाच तर माझ्या मायेचा. साताऱ्याला भाऊजींनी फ्लॉपी रुमालाला पुसली आणि ऑफिसच्या मशिनीत घातली. मशिनीनं ती घेतली, जराशी कुरकुरली, आणि परत म्हणून दिली नाही. पुढं बरेच दिवस म्हणे त्या टेबलापाशी फोडणीचा वास यायचा आणि साहेबांना दुपार व्हायच्या आतच भूक लागायची.

"फ्लॉपीचं काई खरं न्हाई," शेजारच्या मनुबाई म्हणाल्या. "घरात ठिवूच नगा. माजं सोनं बी ब्यांकंच्या लॉकरात आस्तंय. तितं ठिवा."

आमचाही लहानसा लॉकर होता, एका सहकारी बँकेत. ठेवली. पण यादी रोज बदलायची, म्हणजे लॉकर रोज उघडायचा, म्हणजे सही, किल्ली, आणि सोबत तोंड वाकडं केलेले मॅनेजर. तिसऱ्या खेपेला त्यांनी विचारलं, "बाई, रोज असं काय काढता-घालता?"

"नातेवाईक," मी खरं ते सांगितलं.

त्यांनी चष्मा काढला. "लॉकर न बदलणाऱ्या वस्तूंसाठी असतो, बाई."

न बदलणारे नातेवाईक असते तर मी त्यांना भिंतीवर लावले असते.

पलीकडच्या घरातल्या कोंडीबाकाकांचा जन्म तहसील कचेरीत गेला. त्यांनी हे ऐकलं आणि पायजम्याची नाडी आवळत आले. "वहिनी, मुळात तुम्ही खोडता हीच चूक. जुनी नोंद खोडायची नसते. तशीच ठेवायची आणि खाली फेरफार लिहायचा. फेरफाराची नोटीस द्यायची. पंधरा दिवसांत हरकत आली नाही, तर मंजूर."

"म्हणजे तात्या रुसलेत, यावर तात्यांचीच हरकत मागवू?"

"नियम म्हणजे नियम."

त्यांच्या पद्धतीनं दोन दिवस करून बघितलं. एकट्या तात्यांचे फेरफार पान भरून झाले आणि लग्न मात्र पंधरा दिवसांच्या मुदतीसाठी थांबायला तयार नव्हतं.

शेवटी स्वप्नालीनंच प्रबुद्धचं नाव सांगितलं. प्रबुद्ध फौजेत सिग्नलला होता. सुटून आल्यावर त्यानं स्टेशन रोडला इंटरनेटचं दुकान टाकलं होतं. त्यानं माझं सगळं शांतपणे ऐकलं, जसा काही सीमेवरचा निरोप ऐकतोय, आणि म्हणाला, "टेन्शन नको मावशी. फाइल इकडं ठेवायचीच नाही. अमेरिकेत ठेवायची. फुकट जागा देतात तिकडं. तुम्ही इथनं उघडा, काका साताऱ्यातनं उघडतील. एकच फाइल."

मी घरी येऊन सांगितलं. हे पहिल्यांदाच पेपरातून वर बघत म्हणाले, "आपली भांडणं अमेरिकेत? त्यांची त्यांना कमी पडली काय?"

जागा देणाऱ्या कंपन्याही एक नाही, तीन निघाल्या. प्रबुद्धनं मला फळीवरची भांडी दाखवावीत तशा दाखवल्या. पहिलीकडं जागा भरपूर, पण महिनाभर फिरकलं नाही तर सगळं पुसून टाकते. दुसरीकडं जागा थोडी, पण झटकन उघडते, आणि रोज बदल करायचा असेल तर तीच बरी. तिसरीचं नाव फार मोठं, पण ती उघडायला लागली की आपण भाजी घेऊन यायचं.

बाकावर बसलेल्या मंडळींनी लगेच सल्ले द्यायला सुरुवात केली. मनुबाई सोबत आल्या होत्याच. "जितं गर्दी आसंल तितं घ्या," त्या म्हणाल्या. साडी, सोनार आणि डॉक्टर त्या याच नियमानं निवडतात. कोंडीबाकाका का आले होते ते मला माहीत नाही, पण त्यांचा मुद्दा वेगळाच होता. "आपली रात्र तो त्यांचा दिवस. आपण दिवसा बदल करणार, तेव्हा तिकडं साहेब जागेवर नसणार. नोंद घेणार कोण? काम संध्याकाळी सातनंतर द्या. आणि त्यांची जेवणाची सुट्टी टाळा."

मी दुसरी घेतली. ज्याला रोज बदलायचं त्यानं लवकर उघडणारं घर बघावं, हे मला स्वतःलाच पटलं.

मग फॉर्म आला. नाव झालं, आडनाव झालं, आणि पुढं राज्य. महाराष्ट्र त्यात नव्हताच. वरनं पहिलं होतं अलाबामा. प्रबुद्ध म्हणाला, "चालतंय मावशी, द्या." त्यामुळे तेव्हापासून सरकारी कागद काहीही म्हणोत, मी मुक्काम अलाबामा आहे. पुढं पासवर्ड. तो कुणाला सांगायचा नसतो, असं म्हणून प्रबुद्ध आतल्या खोलीत गेला आणि तिथनं ओरडला, "मावशी, घातला काय? परत एकदा मोठ्यानं सांगा, इथं लाइन खरखर करतीय!" मी सांगितला. बाकावरच्या सगळ्यांनी मान डोलावली. विसरलात तर विचारायचा गुप्त प्रश्न म्हणून तुमच्या आईचं माहेरचं आडनाव, असं विचारलं होतं. त्याचं उत्तर मी तोंड उघडायच्या आत मनुबाईंनी दिलं.

साताऱ्याला पोवई नाक्याजवळ तसंच एक दुकान भाऊजींनी गाठलं. पहिल्यांदा त्यांच्या फाइलीत माझा शब्द दिसला आणि माझ्या फाइलीत त्यांचा, तेव्हा खरं सांगते, माझ्या अंगावर काटा आला. मी इथं मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत एकेक बोटानं मारायची, आणि ते अलाबामातून साताऱ्यात उमटायचे. भाऊजी सरकारी माणूस. त्यांनी फोन करून बजावलं, "वहिनी, आता तोंडी काही नको. एस.टी.डी.चे मीटर धावतात. जे असेल ते फाइलीत."

महिनाभर काय सुख होतं! तात्या रुसले की साताऱ्यात लगेच कळायचं. पण अक्कांच्या नावापुढं एकच शब्द होता. 'रुसलेल्या'. भाऊजी लोणंदला दोन खेपा घालून आले, तरी तो हलला नाही. स्वप्नाली रोज कामावरनं आल्या आल्या विचारायची, "आत्याचं काय?" मी 'सध्या तेच' म्हणायची, ती कप आपटून आत जायची.

त्या आठवड्यात मला आहेराचा रकाना एका बैठकीत नीट करायचा होता. प्रबुद्धच्या दुकानात गर्दी, मागं उभं राहून लोक आमच्या साड्यांच्या किमती वाचायचे. म्हणून मी सोमवारी सगळी फाइल फ्लॉपीवर घरी आणली, निवांत दुरुस्त केली, आणि बुधवारी दुकानात जाऊन पुन्हा अमेरिकेत चढवली. मला वाटलं, काय सुबक काम झालंय!

रविवारी भाऊजींचा फोन आला. मीटरची भीती सोडून.

"वहिनी, काय म्हणाल्या अक्का?"

"कधी?"

"कधी म्हणजे? गुरुवारी! लोणंदला गेला होतात ना तुम्ही?"

"मी कशाला जाऊ लोणंदला?"

मग भाऊजी हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, मी मंगळवारी लिहून ठेवलंय. अक्कांचा निरोप आला, त्या तयार आहेत. एवढंच म्हणाल्या, बनूनं, म्हणजे तुम्ही, स्वतः येऊन बोलवावं, मी गुरुवारी वाट बघते. पुरणपोळ्या करणार होत्या."

"माझ्या फाइलीत तसं काहीच नाही!"

"मी चढवलंय हो. ठळक अक्षरात चढवलंय."

"मग अमेरिकेनं खाल्लं काय?"

मी चपला घातल्या त्या वेगवेगळ्या होत्या, हे स्टेशन रोडला कळलं. प्रबुद्धनं सगळं बघितलं आणि डोकं खाजवलं. "मावशी, तुम्ही सोमवारची फाइल घरी नेली. काकांनी मंगळवारी अमेरिकेतल्या फाइलीत लिहिलं. तुम्ही बुधवारी सोमवारची त्याच्यावर ठेवली. जो शेवटी ठेवतो त्याचं राहतं. काकांचं गेलं."

"कुठं गेलं?"

"गेलं म्हणजे गेलं."

"म्हणून म्हणत होतो, खोडायचं नाही," मागून कोंडीबाकाका म्हणाले. ते तिथं का होते, हे मी त्याही दिवशी विचारलं नाही.

घरी स्वप्नालीला सांगितलं. ती रडली असती तर बरं झालं असतं. ती नुसतं म्हणाली, "आईनं आत्याला पुसून टाकलं," आणि दार लावून घेतलं. ह्यांनाही त्या दिवशी जमीन हलल्यासारखं वाटलं असावं, कारण त्यांनी पेपर घडी घालून ठेवला. मी म्हटलं, चला माझ्याबरोबर. तर म्हणाले, "मी आलो तर माझ्यावरचा जुना रुसवा निघेल. तू तुझ्यापुरतं मिटव."

सोमवारी पहाटेच्या गाडीनं मी एकटी निघाले. साताऱ्यावरनं लोणंदपर्यंत मी मनात भाषण जुळवत होते. फाइल, फ्लॉपी, सोमवार, बुधवार. कुठूनही सुरुवात केली तरी शेवटी मी वेडी ठरत होते.

अक्का ओट्यावर कांदे निवडत बसल्या होत्या. त्यांनी मला बघितलं आणि पुन्हा कांद्याकडं बघितलं.

"कोन पायजे?"

"अक्का, मी बनू."

"आमची बनू बेस्तरवारी येनार हुती. आज सोमवार हाय."

"आवं अक्का, ऐकून तरी घ्या."

"पोळ्या क्येल्या. गल्लीत सांगून बसले, माजी भावजय येतीया. दिवस बुडंस्तवर दाराकडं बघत बसले. मंग पोळ्या शेजाऱ्यांनी खाल्ल्या. दोगीजनी म्हनत हुत्या, लय मऊ झाल्यात. तूच न्हवतीस खायला."

मी सगळं सांगितलं. काहीच लपवलं नाही, लपवण्यासारखं मला नीट कळलंही नव्हतं. अक्कांचा हात कांद्यावर थांबला.

"म्हंजी धन्यानं साताऱ्यात लिवलं, तू सांगलीत त्याच्यावर दुसरं ठिवलंस, आन् दोगांच्या मधी अमेरिका?"

"व्हय."

"सातारा हितनं हाकंच्या अंतरावर हाय गं."

"व्हय अक्का."

"बरं, काय लिवलंयस तितं माज्याम्होरं?"

आता खोटं बोलून काय मिळणार होतं? "रुसलेल्या," मी म्हटलं.

"आन् फुडं?"

"पुढं काही नाही."

"बशीचं?"

"नाही."

"नळवाल्याचं?"

"नाही अक्का. एवढाच शब्द."

अक्कांनी हातातला कांदा टोपलीत टाकला. डोळ्यांत पाणी आलं, ते कांद्यानं की कशानं, मला सांगता येणार नाही. "तीन वर्सं रुसले बने. तीन वर्सं! पोरीच्या साखरपुड्याचं लोकाकडनं ऐकलं. सणाला भाऊ आला न्हाई. धन्या दोनदा आला, चा पिऊन ग्येला, आन् तू येवढ्या सगळ्याला एक शब्द दिलास? त्या नळवाल्याला तरी किती शब्द दिलं असतंस?"

मला हसूही येत होतं आणि रडूही. मी त्यांच्या शेजारी बसले आणि कांदे निवडायला लागले. मग त्या म्हणाल्या, "ते कुजकं हिकडं टाक. तुला आजून कांदं निवडता येत न्हाईत," तेव्हा मला कळलं की निम्मं काम झालं.

"पोरगी काय म्हन्ती?"

"आत्या नसेल तर बोहल्यावर चढणार नाही म्हणते."

"मंग आदीच सांगायचं न्हाईस व्हय हे! अमेरिका कशाला सांगत बसलीस?" अक्का पदर खोचून उठल्या. "ऊठ. भाकर खा. पोळी न्हाई मिळनार तुला."

लग्नाच्या आदल्या दिवशी अक्का दोन पोती कांदे घेऊन सांगलीत उतरल्या. स्वप्नाली त्यांच्या गळ्यात अशी पडली की केसातला गजरा त्यांच्या चोळीला अडकला आणि दोघी तशाच आत आल्या. मी ठरवूनच टाकलं होतं, की या खेपेला अक्कांच्या मानात तिळाएवढी कसर राहता कामा नये. त्यांना मधल्या खोलीत गादी, तक्क्या, पंखा. त्यांच्याजवळ एक बाई फक्त काय हवं ते विचारायला. त्या स्वयंपाकघराकडं वळल्या की मी आडवी, "अक्का, तुम्ही बसा." त्यांनी कांदा हातात घेतला की कुणीतरी काढून घ्यायचं. पंगतीत पहिलं पान त्यांचं. लग्न लागलं, तांदूळ पडले, आत्या समोर उभी राहिली, पोरगी हसत बोहल्यावरनं उतरली. मला वाटलं, जिंकलं.

पाठवणी झाल्यावर अक्का पिशवी भरायला लागल्या. मी म्हटलं, आठ दिवस तरी राहा.

"कशाला? पाव्हनी आले, पाव्हनी चालले."

"असं काय बोलता अक्का? काय कमी पडलं?"

"कमी? दोन दिवस मला एका कामाला हात लावू दिला न्हाईस. भावाच्या पोरीचं लगीन, आन् मी तक्क्याला टेकून बसले, जनू वरमाय! तांब्या उचलला तर पोरी धावून आल्या. आपल्या मानसाला असं वागिवत्यात व्हय?" आणि दाराशी जाऊन, मागं न बघता, "आता बोलवायला येऊ नगंस."

दुसऱ्या दिवशी भाऊजींचा फोन आला. लग्न झोकात झालं, मंडळी खूश आहेत वगैरे बोलून झालं. मग म्हणाले, "वहिनी, ते अमेरिकेतलं अक्कांच्या नावापुढचं बदलायचं राहिलंय. मी करू का?"

"राहू द्या भाऊजी," मी म्हटलं. "कालपासून ते बरोबर आहे."

फोन ठेवला आणि पिशवी भरायला घेतली. लोणंदची गाडी पहाटेची असते. यावेळी 'तुम्ही बसा' म्हणायचं नाही, अक्कांच्याच हातानं पुरण वाटून घ्यायचं, पाट्यावर, आणि मी नुसतं बघत बसायचं, असं मी ठरवलं होतं.